प्रस्तावना : घरोट म्हणजे काय

एका वर्षी दहावीच्या पहिल्या चाचणीच्या वह्या मी तपासायला घरी आणल्या होत्या. एकेचाळीस वह्या. द. भा. धामणस्करांच्या 'वस्तू' या कवितेचं रसग्रहण लिहायला दिलं होतं. पहिल्या वहीत होतं, 'कवीने साध्यासोप्या शब्दांतून आपला आशय वाचकांच्या मनावर बिंबवला आहे.' दुसऱ्या वहीत तेच वाक्य, तिसऱ्या वहीत तेच. पंधराव्या वहीला मी पेन खाली ठेवलं. मुलांनी एकमेकांचं पाहून लिहिलं नव्हतं. गाईडमधलं पाठ करून प्रत्येकानं आपापल्या जागी प्रामाणिकपणे उतरवलं होतं.

एकाच वहीत निराळं काही होतं. तापीकाठच्या खेड्यातून एसटीनं येणारी ती मुलगी. तिनं लिहिलं होतं की ही कविता वाचून तिला आजीचा अडकित्ता आठवला. आजी गेली तेव्हापासून घरात सुपारी कोणी खात नाही, पण माय तो अडकित्ता रोज पुसते आणि पुन्हा त्याच कोनाड्यात ठेवते. शेवटचं वाक्य होतं, 'मले वाटते वस्तूले बी कळत असंन.'

'मले'भोवती मी लाल गोल केला. 'वस्तूले'भोवती केला, 'असंन'भोवती केला. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य हे तिन्ही मुद्दे वेगळे मांडलेले नव्हते, म्हणून चारपैकी एक गुण दिला. गाईडचं वाक्य लिहिणाऱ्यांना तीन मिळाले. पुढच्या चाचणीत त्या मुलीच्या वहीतही गाईडचं वाक्य आलं. मग तिलाही मी तीन गुण दिले.

त्या एकेचाळीस मुलांत कविता जिला खरोखर भिडली होती ती एकटी तीच होती, आणि ते तिच्याकडून काढून घेतलं मी. हे पुस्तक त्या वहीतून निघालं आहे. निवृत्तीनंतर रावेर आणि आसपासच्या गावांत आठवी ते दहावीच्या मुलांच्या आईवडिलांशी जे बोलत आले, ते यात एकत्र केलं आहे. पुस्तक पालकांसाठी आहे. शिक्षकांनी वाचलं तर आनंदच वाटेल, पण लिहिताना माझ्यासमोर होते ते संध्याकाळी केळीच्या बागेतून येऊन हातपाय धुऊन ओट्यावर टेकणारे बाप आणि चुलीवर भाकरी टाकता टाकता 'अभ्यास झाला का रे' असं विचारणाऱ्या आया.

त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. 'बाई, गणिताले क्लास लावला, सायन्सले लावला. मराठीचं काय करू? घरचीच भाषा हाये, तरी पोराले गुण काहून पडत नाहीत?' प्रश्नात सगळं आलं. घरचीच भाषा आहे, आणि तरीही पोराला ती परकी वाटते. असं का होतं, ते आधी सांगते.

आमच्या भागात घरात बोलतात ती लेवा गणबोली किंवा तावडी. पश्चिमेला धुळ्याकडे सरकावं तशी अहिराणी कानावर येते. इथे 'ळ'चा 'य' होतो: केळीची केयी, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. मुलाच्या कानात पहिल्या दिवसापासून ही भाषा असते. शाळेत गेलं की पहिल्याच वर्षी त्याला कळतं की आपण बोलतो ते अशुद्ध. मग ते एक युक्ती शिकतं. शाळेच्या कामाला शाळेची भाषा वापरायची, आणि जे खरं वाटतं ते घरच्या भाषेत मनातच ठेवायचं. साहित्य शिकायचं म्हणजे जे खरं वाटतं तेच शब्दांत आणायचं. आम्ही नेमकं तेच दार आधी लावतो आणि मग आत प्रकाश का नाही म्हणून विचारतो.

प्रमाण मराठी शिकायलाच हवी, आणि नीट शिकायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परीक्षा त्या भाषेत असते, अर्ज, नोकरी, कोर्टाचा कागद सगळं त्या भाषेत असतं. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. मुलाला कवितेबद्दल काय वाटलं ते आधी त्याच्या घरच्या बोलीत येऊ द्या, अडखळत येऊ द्या. मग ते प्रमाण भाषेत कसं लिहायचं ते शिकवा. त्या मुलीचं वाक्य 'मला वाटतं, वस्तूंनाही कळत असेल' असं लिहायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं मी तिला दिली नाहीत.

आता घरोटाची गोष्ट. एका ओळखीच्या घरी मी बसले होते. दहावीतला मुलगा बहिणाबाईंची जात्यावरची कविता वाचत होता. वहीत त्यानं शब्दार्थ लिहिले होते: 'घरोट - जाते, धान्य दळण्याचे दगडी साधन.' अर्थ बरोबर होता. आतल्या खोलीत आजी तांदूळ निवडत होती. तिला ऐकू गेलं आणि ती तिथूनच म्हणाली, 'दगडाचं साधन काय म्हनतो रे भाऊ? घरोट म्हनजे घरोट!' मग सूप हातात घेऊनच ती बाहेर आली आणि सांगू लागली. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी बसायचं. खुंटा धरून धरून गुळगुळीत झालेला असायचा. उजव्या हातानं फिरवायचं आणि डाव्या हातानं मुठीएवढा घास टाकायचा. घास जास्त झाला तर पीठ जाडं पडायचं. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची, नाहीतर दळण सरत नाही. आणि गाणं म्हणायचं, कारण गाण्याशिवाय हात थकतो.

मी मुलाला म्हटलं, आता कविता मोठ्यानं वाच आणि वाचताना हात फिरव. त्याला आधी लाज वाटली. मग त्यानं फिरवला. दोन-तीन ओळींनंतर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. जिथे फेरा पुरा होतो, तिथेच ओळ थांबते, हे त्याला कळलं. जात्याचा फेरा, श्वास आणि चरण एकाच मापाचे. गाईडमध्ये 'या कवितेला ओवीची लय आहे' असं वाक्य होतंच, आणि ते त्याला पाठही होतं. ते खरं आहे हे त्याच्या हाताला त्या संध्याकाळी कळलं.

त्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती कविता जिची होती, त्या बहिणाबाईंनाही नव्हती. बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्या गाणी रचत राहिल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातली जी सापडली ती उतरवून घेतली म्हणून ती राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. खानदेशातल्या एका निरक्षर बाईची गाणी उभ्या महाराष्ट्रापुढे ठेवताना अत्र्यांची प्रस्तावना किती कामाला आली, हे आमच्याकडे जुन्या माणसांना ठाऊक आहे. प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा मला त्या प्रस्तावनेची आठवण झाली आणि हात जरा जड झाला. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. पण आमच्या मुलांना ती 'अभ्यासक्रमातली कवयित्री' वाटते. आपल्या आजीच्या भाषेत बोलणारी बाई वाटत नाही.

आणि आपल्या भागातली ही एकटीच का? रावेरहून सावद्यावरून पुढे गेलं की फैजपूर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केशवसुत तिथल्या शाळेत शिक्षक होते. आधुनिक मराठी कवितेची सुरुवात ज्यांच्यापासून सांगतात ते कवी आपल्या फैजपूरच्या मुलांची हजेरी घेत होते. यावल तालुक्यातल्या सांगवीला १९३८ साली भालचंद्र नेमाडे जन्मले. त्यांच्या 'कोसला' कादंबरीतल्या पांडुरंगाचं गाव समजायला आमच्या मुलाला नकाशा लागणार नाही. जळगावला १९०७ साली कविसंमेलन भरलं, तिथे धरणगावचा एक मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, वय पुरं सतराही नव्हतं, म्हणजे आजच्या हिशेबानं अकरावीतला. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि तेच नाव राहिलं. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेलं. तो घरात कसा वावरायचा ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचायला मिळतं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. वय सत्तावीस. रावेरचा मुलगा भुसावळहून जळगावला पॅसेंजरनं जातो तेव्हा गाडी भादलीला थांबते. एकदा तरी त्याला सांगा. कवितेच्या शेजारी स्टेशनाची पाटी आली की कवी पुस्तकातून उतरून माणूस होतो.

बालकवीची गोष्ट पालकांना मी आणखी एका कारणानं सांगते. शाळेच्या पायऱ्या तो फारशा चढला नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या आत काय चाललं आहे, हे ओळखणारी माणसं त्याला भेटली. आपल्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा कवी होणार नाही, होऊही नये कदाचित. पण त्या वयात त्याच्या आतही तितकंच काही चाललेलं असतं. अंगाला उंची येते, आवाज फुटतो, घरच्यांशी बोलणं तुटतं. ज्या गोष्टी तो आईला सांगू शकत नाही, त्या कुणीतरी आधीच लिहून ठेवल्या आहेत, हे कळणं त्या वयात मोठा आधार असतो. मिलिंद बोकिलांची 'शाळा' हातात आली की नववीतली मुलं ती खाली ठेवत नाहीत, ते याचसाठी. काही पालकांना ते पुस्तक पटत नाही. मला पटतं. मुलाच्या मनात जे आहेच, ते पुस्तकानं आणलेलं नसतं.

मग करायचं काय? एक गोष्ट मी सगळ्यांआधी सांगते आणि पुस्तकात पुन्हा पुन्हा सांगितली आहे: मोठ्यानं वाचून दाखवा. रोज दहा मिनिटं. मुलानं वाचावं, तुम्ही ऐकावं. एखाद्या दिवशी तुम्ही वाचावं, त्यानं ऐकावं. वाचता येत नसेल तर ऐकणं पुरेसं आहे, आणि मध्येच 'पुन्हा सांग, काय म्हनला तो?' असं विचारणं तर फारच उत्तम. आईला समजावून सांगताना मुलाला धडा जितका कळतो, तितका तो क्लासच्या नोट्स वाचून कळत नाही. अर्थ लगेच विचारू नका. 'यातून काय शिकलास' तर अजिबात विचारू नका. 'कुठे थांबावंसं वाटलं?' एवढंच विचारा.

एक बाप मला म्हणाले, 'बाई, आमच्या भागात लाईट रात्रीची. साडेबाराला मोटार चालू करायले जातो. मी कधी ऐकू?' त्यांचं खरं होतं. मी विचारलं, बऱ्हाणपूरचा केळीचा भाव मोबाइलवर येतो तो कोण वाचतं? म्हणाले, पोरगाच वाचतो, मोठ्यानं, सगळ्यांले ऐकू जाईल असा. नवती इतके, पिलबाग इतके. मी म्हटलं, भाव वाचून झाला की मोबाइल बाजूला ठेवून एक पान वाचायला सांगा. त्यांनी तसं केलं. चार महिन्यांनी भेटले तेव्हा भावाबद्दल बोलले नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तल्या मास्तराचं पुढे काय झालं, ते मला सांगू लागले. पोरगा ते पुस्तक वाचत होता आणि ते रोज ऐकत होते.

साने गुरुजींचं उदाहरण मी यासाठीच देते. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून एक दैनिक काढत. विचार करा, दिवसभर शिकवून झाल्यावर रात्री बसून मुलांसाठी रोजचा अंक लिहायचा. दुसऱ्या दिवशी मुलं तो वाचत, कारण त्यात त्यांच्यासाठीच लिहिलेलं असे. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. एका रात्री एक गोष्ट, मित्र भोवती बसलेले, श्याम सांगतो आहे. ते पुस्तक एकट्यानं डोळे पुसत वाचून संपवायचं नाही. एक रात्र, एक गोष्ट, घरात सगळ्यांनी मिळून. तसं वाचून पाहा.

आता गुणांबद्दल, कारण पालकांनी ते विचारलं नाही असं कधी झालेलं नाही. मी हे लिहिते आहे तेव्हाच्या दहावीच्या कृतिपत्रिकेत लेखी परीक्षा ८० गुणांची आहे. त्यात गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. शेवटचे दोन मिळून ४० होतात. म्हणजे निम्मे गुण असे आहेत की ते धड्यांची उत्तरं पाठ करून येत नाहीत. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध हे ज्याला भाषा चालवता येते त्यालाच जमतं. उरलेल्या निम्म्यातही न वाचलेला उतारा आहे, 'तुमचं मत लिहा' आहे. पाठांतरावर मुलगा काही अंतर जातो आणि मग अडकतो. रोज दहा मिनिटं वाचणारा मुलगा अडकत नाही, कारण अनोळखी उतारा त्याला रोजच भेटत असतो. रसग्रहणाचे मुद्दे, वृत्तं, अलंकार, समास हे शिकावं लागतं, त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो. त्याची प्रकरणं पुस्तकात आहेत, पण ती मागे आहेत.

एका धड्याबद्दल मात्र इथेच सांगते. दहावीच्या 'कुमारभारती' पाठ्यपुस्तकात दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'मधला 'वसंतहृदय चैत्र' आहे. दहावीचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि परीक्षा मार्चमध्ये, बहुतेक फाल्गुनातच, उरकते. म्हणजे हा धडा शिकवताना बाहेर पाऊस असतो आणि उजळणी करताना थंडी. चैत्र येतो तेव्हा पुस्तक रद्दीत गेलेलं असतं. वर्षानुवर्षं मी तो धडा जुलैमध्ये शिकवला, खिडकीबाहेर चिखल बघत. मग एका वर्षी नववीची परीक्षा संपली आणि दहावीचे जादा वर्ग सुरू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो काढला. सकाळी सातला मुलांना घेऊन गावाबाहेरच्या पिंपळाखाली गेले. तांबूस, कोवळी, पारदर्शक पालवी. उन्हाचा कवडसा पानातून जाताना दिसत होता. कडूनिंबाला फुलोरा आलेला आणि त्याचा वास. रावेरचा चैत्र म्हणजे आग असंच सगळ्यांना वाटतं. केळीच्या बागेला वाऱ्याचा आणि उन्हाचा धाक असतो, त्यामुळे या महिन्याकडे प्रेमानं कोणी पाहत नाही. एका मुलानं वर पाहत म्हटलं, 'बाई, हे पान अजून ओलं हाये.' ओलं नव्हतं, कोवळेपणाची चमक होती. पण दुर्गाबाईंना जे दिसलं होतं ते त्यालाही दिसलं, आणि त्यानं त्याला आपला शब्द दिला. तेव्हापासून मी सांगते: धडा पुस्तकातल्या अनुक्रमांकानं वाचू नका, त्याच्या ऋतूत वाचा.

एक अवघड भाग आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, पाल गावाकडच्या पाड्यांवर तडवी आणि पावरा घरांतली मुलं आहेत. पावरा मुलाच्या घरात मराठी नाहीच, पावरी आहे. बाजारात हिंदी आहे. मराठी फक्त शाळेत. घरच्या बोलीतून प्रमाण भाषेत यायचं, हा माझा उपाय त्याच्या बाबतीत अर्धाच चालतो, कारण त्याला दोन भाषा ओलांडाव्या लागतात. अशा मुलाला मी आधी त्याच्या घरची गोष्ट सांगायला लावत असे, हवी तर हिंदीत, आणि वर्गानं मिळून ती मराठीत उतरवायची. त्यातून जे वाचायला मिळालं ते आमच्या पाठ्यपुस्तकात कुठेही नव्हतं. या मुलांसाठी मला जमलं ते थोडं आहे. त्यांच्यातलेच शिक्षक पुढे येऊन यावर लिहितील तेव्हा माझं ते प्रकरण काढून टाकायला मी आनंदानं तयार आहे.

काय वाचायला द्यावं याची यादी पुस्तकात आहे, पण ती नेम म्हणून घेऊ नका. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, शंकर पाटील, मिरासदार, 'माणदेशी माणसं', अण्णा भाऊंची 'फकिरा'. १९७१ पासून बालभारती काढत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता मोबाइलवर फुकट वाचता येतात. मोबाइल हातातून सुटत नसेल तर निदान त्यात ते असू द्या. एखादं पुस्तक तिसाव्या पानावर सोडलं तर सोडू द्या. रहस्यकथाच वाचतो म्हणून रागावू नका. ज्याला पान उलटायची ओढ लागली त्याला पुढे काय वाचावं ते सापडतं. ज्याला ओढच लागली नाही त्याला चांगलं पुस्तक देऊन उपयोग नाही. आणि तालुक्याच्या वाचनालयात त्याच्या नावाची पावती फाडा, तुमच्या नावाची नको. ती पावती त्याच्याच खिशात राहू द्या.

त्या अडकित्त्यावाल्या मुलीची भेट दोन वर्षांपूर्वी सावद्याच्या बाजारात झाली. कडेवर मूल होतं. मी तिला त्या वहीबद्दल सांगितलं, माझी चूक सांगितली. तिला ते आठवतच नव्हतं. मग जरा वेळानं म्हणाली, 'अडकित्ता हाये अजून बाई. माय माझ्याकडे देऊन गेली.' मी विचारलं, पुसते का रोज? ती हसली आणि मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

रावेर, गुढीपाडवा